औषध सुरू झालं, आता किती दिवस?



मी सैन्यात ३१ वर्षं होतो, सिग्नल्समध्ये. कर्नल म्हणून निवृत्त झालो आणि आता इंदूरला असतो. मी डॉक्टर नाही. बी.एस्सी. आहे, तीही १९८२ सालची. आजच्या विषयावर बोलायचा माझा अधिकार एवढाच, की त्यात मी एक मोठी चूक केली आणि तिची किंमत माझ्या मुलीनं मोजली.

तिची परवानगी घेतली आहे. भाषणाचा कागद तिनं वाचला, दोन ठिकाणी काट मारली आणि एका ठिकाणी समासात लिहिलं, ‘बाबा, स्वतःला फार झोडपताय. मुद्द्यावर या.’ तर मुद्द्यावर येतो.

प्रश्न असा आहे. अपस्माराचं, म्हणजे फिट येण्याच्या आजाराचं औषध सुरू केलं, तर ते लागू पडायला किती दिवस लागतात? कुणी या आजाराला फेफरं म्हणतं, कुणी आकडी म्हणतं, आमच्याकडे माळव्यात मिर्गी म्हणतात. नाव काहीही असो, घरात कुणाला हा आजार निघाला की पहिल्या आठवड्यात हाच प्रश्न येतो. मीही विचारला होता. डॉक्टरांनी उत्तर दिलं होतं. मी ते नीट ऐकलं नाही.

२०१४ सालची गोष्ट. मुलगी १९ वर्षांची, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. मी ईशान्येकडे पोस्टिंगवर, ती आणि तिची आई इंदूरला. फेब्रुवारीत एका सकाळी दात घासता घासता ती पडली. हातपाय ताठ झाले, मग झटके सुरू झाले, तोंडाला फेस आला. शेजारी धावले. कुणी कांदा हुंगवला, कुणी चप्पल आणली. दोन-तीन मिनिटांत सगळं थांबलं आणि ती गाढ झोपली. हिचा फोन आला तेव्हा मी साडेतीन हजार किलोमीटरवर नसेन, पण तेवढाच लांब आहे असं वाटत होतं. एकदाच आली आहे, लक्ष ठेवू, असं ठरलं. जुलैत दुसरी आली. तीही सकाळीच.

मग न्यूरॉलॉजिस्टकडे गेलो. मी सुट्टी टाकून आलो होतो. त्यांनी एक वेगळाच प्रश्न विचारला. ‘सकाळी उठल्यावर हातातून वस्तू पडतात का हिच्या?’ आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो. वर्षभर तिच्या हातून चहाचे कप सांडत होते, कंगवा उडत होता आणि हिची आई तिला धांदरट म्हणत होती. तो धांदरटपणा नव्हता. हाताला बसणारे ते हिसके याच आजाराचे होते. ईईजी झाला, निदान झालं: ज्युव्हेनाइल मायोक्लोनिक एपिलेप्सी. किशोरवयात सुरू होणारा प्रकार. झोप कमी झाली की बळावणारा, पण औषधाला बहुधा चांगली दाद देणारा.

डॉक्टरांनी सांगितलं, या प्रकारात व्हॅल्प्रोएट हे औषध जोरकस चालतं, पण पुढे गर्भारपणात बाळाला त्यापासून मोठा धोका असतो. म्हणून तरुण मुलींना ते शक्य तोवर देत नाहीत. त्यांनी लॅमोट्रिजिन सुरू केलं. एका कागदावर तक्ता काढून दिला. दोन आठवडे रोज २५ मिलिग्रॅम, पुढचे दोन आठवडे ५०, मग हळूहळू वर. पूर्ण डोसला पोचायला सहा ते आठ आठवडे. ते म्हणाले, ‘कर्नलसाहेब, हे औषध सावकाश चढवायचं असतं. घाई नको.’ मी मान डोलावली. तक्ता फ्रिजवर चिकटवला.

तिसऱ्या आठवड्यात तिची परीक्षा होती. रात्रभर जागून अभ्यास केला आणि सकाळी फिट आली. या वेळी मी समोर होतो. ज्यांनी आपल्या मुलाला फिट येताना पाहिलं आहे त्यांना मी काही वेगळं सांगायला नको.

त्या संध्याकाळी मी हिशेब मांडला. तीन आठवडे औषध चालू आहे, तरी फिट आली. म्हणजे औषध कमी पडतंय. कमी पडतंय तर वाढवा. आयुष्यभर हेच शिकलो होतो: मोर्चा कच्चा वाटला की कुमक पाठवायची. मी गोळी दुप्पट केली. चार दिवसांनी पुन्हा दुप्पट. ५० चे १००, १०० चे २००. डॉक्टरांना फोन केला नाही. हिनं विचारलं तेव्हा ‘मी बघतो’ म्हणालो. घरात माझा शब्द चालायचा, हे त्या दिवशी घराच्या मुळावर आलं.

दहाव्या दिवशी मुलीच्या मानेवर आणि छातीवर लाल पुरळ उठलं. रात्री ताप चढला. सकाळी ओठांच्या आत फोड होते. हॉस्पिटलात नेलं. डॉक्टरांनी विचारलं, ‘किती गोळ्या चालू आहेत?’ मुलीनं माझ्याकडे पाहिलं. उत्तर मी दिलं.

ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं वाटलं असतं. लॅमोट्रिजिन त्याच क्षणी बंद केलं आणि मला बाहेर घेऊन गेले. म्हणाले, या औषधानं काही जणांना पुरळ येतं. क्वचित ते इतकं वाढतं की कातडी आणि तोंडातलं आवरण सोलून निघतं, जिवावर बेततं. डोस झपाट्यानं चढवला की हा धोका वाढतो. त्या तक्त्यातले आठवडे औषधाच्या ढिलाईचे नव्हते, तिच्या संरक्षणाचे होते.

सहा दिवसांनी ती घरी आली. बचावली. पण ते औषध तिच्यासाठी कायमचं बंद झालं. तिच्या कार्डावर तसं लाल शाईनं लिहिलेलं आहे. एक चांगलं औषध माझ्या घाईनं तिच्या हातून गेलं.

हॉस्पिटलातल्या त्या सहा दिवसांत डॉक्टरांनी मला माझ्याच प्रश्नाचं उत्तर पुन्हा दिलं. या वेळी मी वही घेऊन बसलो होतो. त्यांचं म्हणणं असं, की ‘किती दिवस’ हा एक प्रश्न नाही, तीन प्रश्न आहेत.

पहिला: औषध रक्तात पुरेसं साठायला किती वेळ? त्यांनी गच्चीवरच्या टाकीचं उदाहरण दिलं. नळ चालू आहे आणि तळाला भोक आहे. नळ म्हणजे रोजच्या गोळ्या, भोक म्हणजे औषध बाहेर टाकणारं आपलं शरीर. सुरुवातीला पाणी चढतं आणि मग एका पातळीवर थांबतं. जेवढं येतं तेवढंच जातं. ही पातळी यायला किती वेळ लागेल ते भोकाच्या आकारावर ठरतं. निम्मं औषध शरीराबाहेर जायला जेवढा वेळ लागतो, त्याच्या साधारण पाचपट. लेव्हेटिरासिटामला हा निम्म्याचा वेळ सहा ते आठ तास, म्हणून ते दोन दिवसांत पातळीला येतं. फेनोबार्बिटोन हे १९१२ पासून वापरात असलेलं जुनं औषध. त्याचा निम्म्याचा वेळ तीन-चार दिवस, म्हणून त्याला दोन-तीन आठवडे लागतात. कार्बामाझेपिनची गंमत आणखी वेगळी. ते शरीराला स्वतःलाच लवकर बाहेर टाकायला शिकवतं, त्यामुळे पहिल्या काही आठवड्यांत त्याच डोसवर पातळी खाली येते आणि डोस पुन्हा जुळवावा लागतो. आणि फेनिटॉइन, म्हणजे आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली गोळी, तिचा डोस थोडासाच वाढवला तरी रक्तातली पातळी एकदम उसळू शकते. मग चालताना तोल जातो, एकाचे दोन दिसतात. थोडक्यात, ‘दुप्पट गोळी, दुप्पट गुण’ हा हिशेब इथे चालतच नाही.

दुसरा प्रश्न: योग्य डोसपर्यंत पोचायला किती वेळ? काही औषधं पहिल्या दिवसापासून कामाच्या डोसवर देता येतात. काही पायरी-पायरीनं चढवावी लागतात. माझ्या मुलीला तिसऱ्या आठवड्यात फिट आली तेव्हा ती निम्म्या जिन्यातही नव्हती. औषधाची परीक्षा सुरूच झाली नव्हती आणि मी त्याला नापास करून मोकळा झालो.

तिसरा प्रश्न सगळ्यांत अवघड: औषध लागू पडलं हे आपल्याला कळायला किती वेळ? डॉक्टरांनी विचारलं, ‘औषधाआधी दोन फिट्समधलं सगळ्यांत मोठं अंतर किती होतं?’ फेब्रुवारी ते जुलै, पाच महिने. ते म्हणाले, ‘म्हणजे औषध घेतलं नसतं तरी चार महिने काही झालं नसतं, हो ना? मग चार महिने फिट आली नाही याचं श्रेय औषधाला कसं द्याल?’

मी गप्प झालो. सिग्नल्सच्या माणसाला हे आधीच सुचायला हवं होतं. ज्या लाइनवर महिन्यातून एकदा बिघाड होतो ती आठ दिवस नीट चालली म्हणून दुरुस्त झाली, असं आम्ही कधी लिहून दिलं नसतं.

यासाठी एक नियम आहे. अपस्माराच्या आंतरराष्ट्रीय संघटनेनं २०१० मध्ये तो मांडला. औषधाआधीचं सगळ्यांत मोठं अंतर घ्या, त्याची तिप्पट करा. तेवढा काळ, किंवा १२ महिने, यांतला जो मोठा असेल तेवढा काळ एकही फिट नाही, तर औषधानं फिट्स थांबल्या असं म्हणायचं. ज्याला रोज फिट येते त्याच्या घरच्यांना फरक आठवड्या-दोन आठवड्यांत दिसू लागेल. पक्कं म्हणायला मात्र वर्ष. आमच्या बाबतीत पाच त्रिक पंधरा. पंधरा महिने.

आता तुम्ही म्हणाल, एवढं थांबून शेवटी गुण येतो का? स्कॉटलंडमधल्या ग्लासगोच्या डॉक्टरांनी ४७० नव्या रुग्णांचा अभ्यास २००० मध्ये प्रसिद्ध केला. पहिल्याच औषधावर ४७ टक्के लोकांच्या फिट्स थांबल्या. आणखी १४ टक्क्यांच्या दुसऱ्या किंवा तिसऱ्या औषधावर. जागतिक आरोग्य संघटनाही म्हणते की नीट उपचार मिळाले तर ७० टक्क्यांपर्यंत लोक फिटशिवाय जगू शकतात. म्हणजे पहिलं औषध चाललं नाही तर खचायचं कारण नाही. पण दोन योग्य औषधं, योग्य डोसमध्ये, पुरेसा काळ घेऊनही फिट्स थांबल्या नाहीत, तर मात्र वर्षानुवर्षं गोळ्या बदलत बसू नका. दिल्लीचं एम्स, बंगळुरूचं निम्हान्स, तिरुवनंतपुरमचं श्री चित्रा अशा ठिकाणी जाऊन तपासून घ्या. काही जणांना शस्त्रक्रियेचा उपयोग होतो. थांबणं आणि अडकून पडणं यांत फरक आहे.

मुलीला लेव्हेटिरासिटाम सुरू झालं. दोन दिवसांत पातळी आली, पण पंधरा महिन्यांचा काळ होताच. तो कसा काढायचा हे आम्हाला शिकावं लागलं.

सकाळी आठ, रात्री आठ, मोबाइलचा गजर. गोळ्यांची डबी, सात दिवसांची. एक वही: तारीख, झोप किती, हिसके आले का, गोळी किती वाजता. न्हाणीघराला आतून कडी नाही. स्कूटर बंद. लायसन्सच्या फॉर्ममध्ये फिट येते का असा प्रश्न असतो, आणि तो तिथे उगाच नाही. पाहुण्यांच्या आग्रहाचं जागरण नाही. कॉलेजमधल्या दोन मैत्रिणींना सगळं सांगून ठेवलं. फिट आली तर कुशीवर वळवा, डोक्याखाली काहीतरी मऊ द्या, घड्याळ बघा, तोंडात काहीही घालू नका. कांदा नको, चप्पल नको. पाच मिनिटांत थांबली नाही किंवा लागोपाठ दुसरी आली, तर १०८ ला फोन करा.

पहिल्या महिन्यात ती चिडचिडी झाली. एकदा ताट ढकलून उठली. माझ्या तोंडावर ‘काय ही पद्धत’ आलं होतं. हिनं वही पुढे केली. ‘लिहा.’ मी लिहिलं. डॉक्टर म्हणाले, या औषधानं असं होऊ शकतं, सांगितलंत ते बरं केलंत. डोस थोडा कमी केला, ती निवळली. घरी मी स्वतः ठरवलं असतं तर एकतर तिला रागावलो असतो, नाहीतर गोळी बंद केली असती. एकदम बंद करणं तर फारच वाईट. त्यानं फिट्सची रांग लागू शकते.

नवव्या महिन्यात, २०१५ च्या मे मध्ये, पुण्याला लग्न होतं. रात्रीची गाडी, गर्दी, डबी मोठ्या बॅगेत आणि बॅग बर्थखाली. रात्रीची गोळी राहिली. सकाळची कार्यालयात गडबडीत राहिली. दुपारी पंगतीत ती पडली. शंभर माणसांसमोर.

परत आल्यावर मी डॉक्टरांना म्हणालो, हेही औषध गेलं. ते म्हणाले, ‘औषध तिथे होतं कुठे? बॅगेत होतं.’ ज्याचा निम्मा भाग सहा-आठ तासांत निघून जातो, ते दोन वेळा चुकलं तर टाकी रिकामीच होणार. औषध तेच ठेवलं. फक्त मोजणी पुन्हा पहिल्यापासून. मे २०१५ पासून पंधरा महिने.

त्या रात्री मुलगी बराच वेळ बोलली नाही. मग तिनं वही मागून घेतली. म्हणाली, ‘यापुढे ही मी लिहीन.’ मी दिली. वर्षभर ती वही माझ्या ताब्यात होती, ती खरं तर तिची होती, हे मला तेव्हा कळलं. तेव्हापासून डबी तिच्या पर्समध्ये असते, दोन दिवसांच्या जादा गोळ्यांसह.

२०१६ मध्ये मी निवृत्त झालो. ऑगस्टमध्ये पंधरा महिने पुरे व्हायचे होते. मी कॅलेंडरवर त्या तारखेला गोल केला होता. त्या दिवशी सकाळी लवकर उठून बसलो. ती उठली, चहा घेतला, कप नीट ठेवला, गोळी घेतली, कॉलेजच्या कॅम्पस इंटरव्ह्यूला निघून गेली. तारखेचा विषयही नाही. संध्याकाळी मी म्हणालो, ‘आज पंधरा महिने झाले.’ ती म्हणाली, ‘माहीत आहे. मोज्यांचे जोड मिळत नव्हते सकाळी, त्याचं टेन्शन जास्त होतं.’

आज ती हैदराबादला नोकरी करते. गोळ्या चालू आहेत. नातेवाईक विचारतात, इतकी वर्षं फिट नाही, मग गोळ्या कधी बंद? काही प्रकारच्या अपस्मारात दोन किंवा अधिक वर्षं फिट आली नाही तर डॉक्टर हळूहळू गोळ्या कमी करून बघतात. तिच्या प्रकारात बंद केल्या की फिट्स बऱ्याचदा परततात. म्हणून तिनं आणि डॉक्टरांनी चालू ठेवायचं ठरवलं आहे. मी त्यात मत दिलेलं नाही. ही माझी प्रगती समजा.

ज्यांच्या घरी आज औषधाचा पहिला, दुसरा, तिसरा आठवडा चालू आहे, त्यांना तीन गोष्टी सांगतो. डॉक्टरांना हे तिन्ही प्रश्न वेगवेगळे विचारा: पातळी कधी येईल, पूर्ण डोस कधी येईल, आणि चाललं की नाही हे आमच्या बाबतीत कधी कळेल? उत्तरं लिहून घ्या. मधल्या काळात फिट आली तर घाबराल, ते साहजिक आहे. पण गोळीला हात लावण्याआधी फोनला हात लावा. आणि पुरळ, ताप, तोंडात फोड दिसले, तर सकाळची वाट बघू नका.

सैन्यात आम्हाला थांबायचं शिकवतात. हुकूम येईपर्यंत जागेवर राहायचं. ते मी ३१ वर्षं केलं. स्वतःच्या घरात तीन आठवडे जमलं नाही. तुम्हाला जमावं म्हणून हे सगळं सांगितलं.

जय हिंद.